आज येतो काय वास?

गंगाराम मांडवकरांचा मला अर्धाच चेहरा नीट आठवतो, डावीकडचा. नऊ वर्षं मी त्यांच्या शेजारच्या सीटवर बसून रत्नागिरीहून जयगडच्या अलीकडच्या आमच्या शाळेत जात-येत होते. कानावर आलेले पांढरे केस, गळ्यात तुळशीची माळ, गालावर दाढीचे दोन दिवसांचे खुंट, आणि नाक. नाक मात्र कुठल्याही बाजूने बघितलं तरी नजरेत भरायचं. शाळेतली मुलं त्यावरून काय बोलायची ते मला ठाऊक होतं आणि मी ऐकलं नाही असं दाखवायचे.

इथल्या एका दिवाळी अंकाने माझ्याकडे आठवणीतल्या माणसावर लेख मागितला. मराठीची शिक्षिका म्हटली की तिच्याकडे अशा माणसांची पोतडी भरलेली असणार, असा लोकांचा समज असतो. मी लगेच हो म्हटलं आणि माझ्या प्राथमिक शाळेतल्या गुरुजींचं नाव सांगून मोकळी झाले. लिहायला बसले तर गुरुजी काही केल्या येईनात, गंगारामभाऊच येऊन बसले. त्याचं कारण नुसतं प्रेम असतं तर बरं झालं असतं. मी ह्या माणसाचं वाईट केलं आहे. ते ज्या दोघांना सांगायला हवं त्यांच्याबरोबर मी रोज प्रवास करते, आणि तोंडाने सांगणं मला अजून जमलेलं नाही. लेख छापून आला की ते दोघे वाचतील.

ते दोघे म्हणजे आमच्याच शाळेतले पाटील सर आणि साळवी मॅडम. आम्ही तिघांनी मिळून महिन्याच्या बोलीवर एक गाडी लावली होती. गाडी भाटकर नावाच्या मालकांची, चालवायला गंगारामभाऊ. सकाळी मारुती मंदिरापासून निघायचं, हातखंब्यावरून निवळीला आणि तिथून आत जयगडच्या रस्त्याला लागायचं. संध्याकाळी उलट.

आता माझी अडचण सांगते. मला गाडी लागते. लहानपणापासून लागते. वळणांनी नाही, वासाने. डिझेलचा धूर नाकात गेला की पुढच्या पाच मिनिटांत माझा निकाल लागतो. आणि आमच्या वाटेवर वासांची काही कमी नाही. हमरस्त्याच्या रुंदीकरणाचं डांबर, त्यापुढे चढावर दमून काळा धूर ओकणारे बंदराकडचे ट्रेलर, मग काजूची टरफलं जाळणारी एक भट्टी, जिचा धूर घशाला चावतो, आणि शेवटी शाळेच्या अलीकडे रस्त्याकडेला वाळत घातलेली मासळी. पहिल्याच आठवड्यात मी दोनदा गाडी थांबवली. तिसऱ्यांदा थांबवायलाही वेळ मिळाला नाही.

गंगारामभाऊंनी गाडी कडेला घेतली. पाणी दिलं, खालचं पायपुसणं काढून ओहोळावर धुतलं आणि गाडी चालू केली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर डॅशबोर्डवरची अत्तराची बाटली गायब. ती मालकांनी हौसेने लावली होती. भाऊंच्या मते वासावर दुसरा वास मारणं ही फसवणूक होती. आलेला वास झाकायचा नसतो, त्याला आत येऊच द्यायचं नसतं, असं त्यांचं म्हणणं. “वास आला म्हणजे ड्रायव्हर हरला, बाई,” हे त्यांचं वाक्य मी नऊ वर्षांत किती वेळा ऐकलं असेल त्याला गणती नाही.

मग त्यांनी गाडी मनावर घेतली. वर्तमानपत्राचा कागद दारात धरायचा, दार लावायचं आणि कागद ओढायचा. अडकला तर ठीक, सहज सुटला तर तिथलं रबर मेलेलं. अशी चारही दारं बोटाबोटाने तपासून झाल्यावर मागचं मोठं दार आलं आणि तिथे कागद सुळकन निघाला. चोर सापडल्याचा आनंद मी त्यांच्या तोंडावर तेव्हा पहिल्यांदा बघितला. आपल्याच सायलेन्सरचा धूर पाठीमागे घुटमळतो आणि फटीतून आत शिरतो, आपण मात्र पुढच्या ट्रकला शिव्या देत बसतो, हे त्यांनी मला कौतुकाने समजावून दिलं. रबर बदललं. वायरी जिथून आत येतात तिथलं भोक बुजवलं. समोरच्या कप्प्यामागची हवेची जाळी काढून दाखवली, तिच्यात आंब्याची पानं आणि एक मेलेली पाल निघाली. करवंट्यांचा कोळसा करून, तो जुन्या धोतराच्या पुरचुंड्यांत बांधून दारांच्या कप्प्यांत ठेवला. मी ह्या सगळ्याला आधी हसले आणि मग महिनाभर गाडी थांबवावी लागली नाही तेव्हा गप्प बसले.

पण त्यांची खरी कला होती ती झडपेत. बाहेरची हवा आत घ्यायची की आतलीच फिरवायची, ते ठरवणारं एक बटण गाडीत असतं. भाऊ त्याला झडप म्हणायचे. बाकीचे ड्रायव्हर वास आल्यावर ते दाबतात. भाऊ वासाच्या आधी दाबायचे. डांबराच्या जागेआधीच्या मोरीवर बंद. पलीकडच्या थांब्याला उघडी. चढाच्या तोंडाशी बंद, माथ्यावरच्या फणसापाशी उघडी. सतत बंद ठेवलेलीही त्यांना चालायची नाही. आतली हवा शिळी होते, माणसं पेंगतात आणि ड्रायव्हरही पेंगतो, म्हणून मधेमधे गाडीला श्वास घेऊ द्यायचा. पौष-माघात आंबा मोहोरला की एका मोठ्या बागेच्या कडेने जाताना झडप तर उघडायचीच, वर सगळ्यांना काचा खाली घ्यायला लावायचे. पाटील सर कोल्हापूरकडचे. थंडी वाजते म्हणून कुरकुरायचे. पण हा वास फुकट घालवणाऱ्या माणसाला भाऊ कोकणात राहायला लायक समजत नसत, आणि तसं ते सरांना सांगतही.

एकदा शाळातपासणीला आलेल्या साहेबांना आमच्या गाडीतून न्यायची वेळ आली. साहेब घाईत. निवळीच्या पुढे चढावर एक ट्रेलर लागला, काळ्या धुराचा लोटच्या लोट सोडत चाललेला. भाऊंनी वेग कमी केला, आणखी कमी केला, आणि शेवटी गाडी कडेला घेऊन एका झाडाखाली उभीच केली. साहेबांनी घड्याळ बघितलं. भाऊ शांतपणे म्हणाले, “साहेब, धूर फुडं जाऊ दे. मगे आपण जाऊ.” आम्ही तिघं एकमेकांकडे बघायला लागलो. साहेब पाच मिनिटं धुमसत बसले, मग हा काय प्रकार आहे म्हणून त्यांनी विचारलं, आणि भाऊंना तेवढंच हवं होतं. शाळेत पोचलो तेव्हा स्वागतगीताच्या मुली पेटीपाशी ताटकळत उभ्या आणि साहेब फाटकाशी स्वतः दारात कागद धरून ओढून बघतायत. त्या वर्षी आमच्या शाळेचा शेरा बरा आला.

मासळीच्या बाबतीत त्यांचा कायदा फार कडक होता. कोकणातली शाळा म्हणजे परत येताना कुणाच्या ना कुणाच्या हातात बांगडे नाहीतर सौंदाळे असायचेच, आणि त्यात पाटील सर सगळ्यांच्या पुढे. भाऊंनी वरच्या कॅरिअरला झाकणाची एक बादली करकचून बांधली होती. ओली असो, सुकी असो, मासळी वर आणि माणसं खाली. एकदा सरांनी बोंबलांचा छोटा पुडा दप्तरातून आणला. गाडीत बसून दार लावायच्या आत भाऊंनी मागे न बघता सांगितलं, “सर, वर ठेवा.” सर गुपचूप उतरले. पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की बादलीही उतरायची. म्हणजे ते दोन महिने मासळीचं नावच नाही.

आणि हे सगळं माझ्यासाठी होतं. साळवी मॅडमना वासाचं काही वाटायचं नाही, सरांना तर नाहीच. भाऊ ते कधी बोलून दाखवत नसत. फक्त शाळेच्या फाटकाशी गाडी थांबली की डावीकडे माझ्याकडे एकवार बघायचे, आणि मी ठीकठाक दिसले की मान हलवायचे. मला त्याची इतकी सवय झाली होती की ते काही विशेष आहे असं मला वाटेनासं झालं.

मग कोरोना आला, शाळा बंद पडल्या. भाऊ आजारी होते एवढं कळलं, मी एकदा फोनही केला. बऱ्याच महिन्यांनी पुन्हा जाणं-येणं सुरू झालं तेव्हा ते थोडे वाळले होते, बाकी तसेच. झडप तशीच जागच्या जागी बंद आणि उघडी.

काही गोष्टी मात्र बदलल्या होत्या आणि त्या आमच्या डोळ्यांसमोर होत्या. ती काजूची भट्टी त्या काळात कायमची बंद झाली. तिथे आता नुसतं पत्र्याचं छप्पर उभं होतं. भाऊ तिथे रोज झडप बंद करायचे. साळवी मॅडम एकदा म्हणाल्या, भाऊ, आता कसला वास, भट्टी बंद झाली की. भाऊ म्हणाले, हाताला सवय लागली. आम्ही हसलो. पुढच्या माघात बागेपाशी काचा खाली घ्यायला लावल्या तेव्हा त्यांनी मला विचारलं, “कसा येतोय मोहोर, बाई?” मी कौतुकाने वर्णन केलं. ते ऐकत राहिले. ह्या वर्षी जरा कमी वाटतो की बरा, असंही त्यांनी खोदून विचारलं. मला वाटलं, भाऊंना आता गप्पा मारायला आवडायला लागलं.

आता माझी करणी.

त्यानंतरच्या जूनमध्ये शाळा उघडून आठवडा झाला असेल. पाऊस मी म्हणत होता. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या काकूंनी मला अर्धा किलो सोडे आणून दिले, मेमध्ये स्वतः वाळवलेले, चांगले मोठे. सुक्या कोलंबीचं कालवण म्हणजे आमच्या घरात पावसाळ्याची चैन असते. कॅरिअरवरची बादली उतरलेली. भाऊंना विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः काहीतरी सोय करून आणून दिले असते, हेही मला माहीत होतं. पण सोडे हातात होते आणि मला धीर नव्हता. मी तीन पिशव्या एकात एक घालून गाठी मारल्या, सर आणि मॅडम यायच्या आत, भाऊ फाटक उघडायला उतरले तेवढ्यात पुडा माझ्या सीटखाली सरकवला, आणि वाकून बघितलं तरी दिसू नये म्हणून सीटच्या तळाशी स्प्रिंगांच्या आत वर कोंबला. चाळिशी उलटलेली बाई मी, विद्यार्थ्यांच्या कॉप्या पकडणारी.

मारुती मंदिराशी उतरले तर माझे यजमान स्कूटर घेऊन उभे. सासूबाई न्हाणीघरात पडल्या होत्या. मी तशीच मागे बसून दवाखान्यात गेले. खुब्याचं हाड मोडलं होतं, शस्त्रक्रिया झाली, मी अठरा दिवस रजेवर होते. त्या अठरा दिवसांत सोडे माझ्या डोक्यातून इतके साफ गेले की जणू ते मी कधी घेतलेच नव्हते.

परत कामावर जायला गाडीचं दार उघडलं आणि मला मळमळून आलं. गाडीत सडका, खारट, कुबट वास भरून राहिला होता. पावसाळा, काचा बंद. सर म्हणाले, आठवडा झाला, वाढतच चाललाय. भाऊंनी पायपुसणी धुतली होती, जाळी बदलली होती, कोळसा दुप्पट केला होता. आणि तरी रोज सकाळी आम्ही बसलो की ते विचारायचे, “आज येतो काय वास?”

हा प्रश्न मला टोचायला लागला. नाक दाबून आम्ही बसलेलो, नि हा माणूस आम्हालाच विचारतोय. मला तो उद्धटपणा वाटला. भाऊ रविवारी परस्पर गाडी बाहेर काढत असणार, कुणाची तरी मासळी वाहत असणार, असा तर्क मी लढवला आणि तो मला पटलाही. चौथ्या दिवशी निवळीपुढे मला उलटी झाली. नऊ वर्षांनी पहिल्यांदा. तोंड पुसत मी सगळ्यांसमोर विचारलं की रविवारी तुम्ही गाडीतून मासळी नेता ना.

“नाय बाई. नऊ वर्षांत नाय नेली,” ते म्हणाले.

मी म्हटलं, “मग हा वास काय आमच्या अंगाचा आहे?”

त्यांनी गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. साळवी मॅडम आणि सर खिडकीबाहेर बघत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊंनी पुन्हा, जरा हळू आवाजात, तोच प्रश्न विचारला. मी उत्तर दिलं नाही. संध्याकाळी घरी जाऊन मालकांना फोन लावला आणि सांगितलं की ड्रायव्हर बदला, नाहीतर आम्ही गाडी बदलतो. तिघांच्या वतीने बोलतेय असंही सांगितलं. बाकीच्या दोघांना विचारलं मात्र नव्हतं.

सोमवारी नवा ड्रायव्हर आला, तिशीचा, कामाला चटपटीत. गाडीत बसल्या बसल्या त्याने नाक फेंदारलं, मारुती मंदिरापासून शाळेपर्यंत ते तसंच ठेवलं, आणि फाटकाशी आम्ही उतरल्यावर सरळ माझ्या सीटखाली हात घातला. दोन मिनिटंही लागली नाहीत. उंदराने कुरतडलेल्या, आत पाणी शिरलेल्या तीन पिशव्या त्याने दोन बोटांत धरून बाहेर काढल्या. हे कुणाचं, म्हणून त्याने विचारलं.

साळवी मॅडमनी पदर नाकाला लावला. सर म्हणाले, म्हणजे भाऊ नेतच होते म्हणायचं. मी पिशवीकडे बघत होते. वरची गाठ माझ्या हातची होती, मी ती ओळखली. त्या क्षणाला सगळं आठवलं, पाऊस, खिचडीवाल्या काकू, फाटक, स्प्रिंगा. बोलायला फार वेळ लागला नसता. तीन शब्द पुरले असते. मी म्हटलं, “कोण जाणे.” त्याने तो पुडा गटारात फेकला, आणि मी पाचवीच्या वर्गावर जाऊन विभक्ती शिकवली.

त्या वेळी तरी फोन करता आला असता. मी स्वतःला सांगितलं की आता मालक थोडेच परत घेणार आहेत, उगाच शोभा कशाला. मग सांगितलं की भाऊंचं वय झालंच होतं. सासूबाईंच्या आजारपणाचाही मला पुष्कळ उपयोग झाला. आपल्याला सोयीचं पटवून घ्यायला मला कोणाची मदत लागत नाही हे मला तेव्हा कळलं.

तीन-चार महिन्यांनी मालकांचा गाडीच्या वेळेसंबंधी फोन आला. बोलता बोलता ते सहज सांगून गेले की गंगारामची बायको येऊन गेली, त्याला न सांगता आली होती. म्हणत होती, कोरोनापासून ह्यांना वासच येत नाही, तेव्हा ह्यांना दोष कसा देता. मालकांना ते भलतंच गमतीचं वाटलं होतं. म्हणजे मासळी नेऊन वर त्याला कळत पण नव्हतं, म्हणाले. आणि आणखी एक, गावात तर आता कोणी त्याला महिन्याच्या गाडीवर घेत नाही, मासळी वाहणारा ड्रायव्हर म्हणून नाव पडलं.

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. बंद भट्टीपाशी दाबलेली झडप. कसा येतोय मोहोर, बाई. आज येतो काय वास. ते उद्धटपणे विचारत नव्हते, खरंच विचारत होते. ज्या माणसाची सगळी पत नाकावर होती त्याचं नाक गेलं होतं, आणि दोन वर्षं तो रस्त्यावरच्या मोऱ्या आणि झाडं पाठ करून माझ्यापर्यंत धूर येऊ देत नव्हता. वास कुठून येतो ते त्याला शोधता येत नव्हतं, आणि का शोधता येत नाही ते सांगता येत नव्हतं. मला स्वतःची किळस आली. तरीही मी त्यांच्याकडे गेले नाही. हे नोंदवून ठेवायला हवं, की सगळं कळल्यानंतरही मी दहा महिने गेले नाही.

शेवटी भेट झाली ती माझ्या धीराने नाही, योगायोगाने झाली. एका रविवारी सकाळी मी मिरकरवाड्याला मासळी आणायला गेले होते. धक्क्यालगत बर्फाचे क्रेट टेम्पोत चढत होते आणि क्रेट मोजून घेत उभे होते गंगारामभाऊ. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना पूर्ण समोरून बघत होते. त्यांनीच आधी हाक मारली. सासूबाईंची चौकशी केली, चालतात काय आता, म्हणाले. मला ते सहन झालं नाही.

मी म्हटलं, “भाऊ, ती सीटखालची पिशवी माझी होती.”

त्यांनी हातातला क्रेट टेम्पोत सरकवला, हात पुसले. “ठावूक हाय मला.”

नवा ड्रायव्हर त्यांना हातखंब्याला चहाच्या टपरीवर भेटला होता. त्याने पुडा कुठे सापडला ते सांगितलं. बाईंच्या सीटखाली, स्प्रिंगांत, बाईंशिवाय कोण ठेवणार, एवढं भाऊंना समजायला वेळ लागला नाही. म्हणजे वर्षभर त्यांना माहीत होतं. मी विचारलं, मग तुम्ही कुणाला बोलला का नाहीत.

“मी बोलून काय व्हतंय? आपली चूक बाईंवर ढकलतो म्हणाले असते. ता तुमी बोलायला पायजे होता.” मग म्हणाले, “मला वाटला होता, तुमी याल.”

मी रडायला लागले. ते अवघडून इकडेतिकडे बघायला लागले, कारण धक्क्यावर माणसं होती. मालकांना आत्ताच फोन करते, असं मी म्हटलं. त्यांनी नको म्हणून मान हलवली. मालकाने ठेवलान काय नि काढलान काय, त्याचं त्यांना काही नव्हतं. टेम्पोचं काम बरं चाललंय, तिथे नाकाचं कोणी विचारत नाही. त्यांना दुसरंच हवं होतं.

“पाटील सर नि साळवी बाई. त्या दोगांना सांगा. नऊ वर्षां माझ्या गाडीत बसली ती माणसा. रस्त्यात दिसली तर मला मान खाली घालूची पाळी येते. ज्या गाडीत बोललात, त्याच गाडीत सांगा. येवढा करा.”

उद्याच सांगते, असं मी म्हटलं. खरंच म्हटलं.

सोमवारी सकाळी गाडीत बसले तेव्हा वाक्य तयार होतं. रात्रभर घोकलेलं. शहराबाहेरचं कुवारबाव मागे पडलं की बोलायचं, असं ठरवलं. कुवारबाव मागे पडलं. सर पेपर वाचत होते, एवढी बातमी संपू दे म्हटलं. मग साळवी मॅडमना मुलीचा फोन आला. फोन संपला, तेव्हा पुढच्या वळणानंतर बोलू असं ठरवलं.  असं करत करत हातखंबा आला.

तिठ्यावर कोल्हापूरच्या अंगाला तोंड करून मासळीचा टेम्पो उभा होता आणि शेजारी चहाचा ग्लास हातात घेऊन गंगारामभाऊ. गाड्यांची गर्दी होती, आमची गाडी त्यांच्या अगदी समोर येऊन थांबली. मागे साळवी मॅडम सरांना हळूच म्हणाल्या, ते बघा भाऊ, शेवटी मासळीच्याच गाडीवर गेले. सर नुसतं हं म्हणाले.

भाऊंनी आधी मागच्या दोघांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. भुवया उंचावून त्यांनी मला विचारलं. मी मान हलवली, हो म्हणून.

त्यांचा सगळा चेहरा सैल झाला. ग्लास टेम्पोच्या बॉनेटवर ठेवून ते दोन पावलं पुढे आले, ताठ उभे राहिले आणि मागच्या काचेकडे बघून हसत त्यांनी हात वर केला. सरांनी आणि साळवी मॅडमनी रीत म्हणून हात हलवला. वाट मोकळी झाली, गाडी निवळीकडे वळली. ते अजून हात वर करून उभे होते, आणि मी गाडीत एक शब्दही बोलले नव्हते.